जॉन्स हॉपकिन्सचं एड्स संशोधन पुण्यात कसं आलं

पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजच्या नावाशेजारी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं नाव लागायला लागून वीसेक वर्षं उलटली. कॉलेजच्या ससून रुग्णालयात बाळंतपणासाठी आलेल्या एचआयव्हीबाधित स्त्रिया, टीबीचे पेशंट, त्यांची मुलं यांच्यावर तिथे संयुक्त संशोधन चालतं. त्याची बातमी आली की एक प्रश्न हमखास निघतो: अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या खासगी विद्यापीठाचं ससूनमध्ये काय काम? त्याचं उत्तर शोधायला आधी आफ्रिकेत जावं लागतं.

ऑक्टोबर १९८३ मध्ये झाईर देशाच्या (आताचा काँगो) राजधानीत, किन्शासाच्या मामा येमो रुग्णालयात बेल्जियन आणि अमेरिकन डॉक्टरांचं एक पथक पोहोचलं. त्यात पीटर पिओ होते, अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचे जोसेफ मॅककॉर्मिक होते आणि थॉमस क्विनही होते. क्विन हे अमेरिकी सरकारच्या एनआयएच या संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ, आणि हॉपकिन्सशीही जोडलेले. एड्स हा प्रामुख्याने समलिंगी पुरुषांचा आजार, अशी तेव्हा अमेरिकेत समजूत होती. किन्शासाच्या वॉर्डांत मात्र बायका आणि पुरुष जवळपास सारख्याच संख्येने आजारी होते. म्हणजे स्त्री-पुरुष संबंधांतूनही हा आजार पसरत होता. पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ही निरीक्षणं छापून आली. १९८४ मध्येच जोनाथन मान यांच्या नेतृत्वाखाली तिथे 'प्रोजेक्ट सिडा' हा एड्स संशोधनाचा प्रकल्प उभा राहिला. १९९१ मध्ये शहरात लुटालूट आणि अशांतता माजली आणि तो बंद पडला.

या अनुभवातून एक अडचण ठळक झाली होती. आजार एका खंडात, आणि प्रयोगशाळा, संख्याशास्त्रज्ञ, पैसा दुसऱ्या खंडात. परदेशी पथक निघून गेलं की काम जागच्या जागी थांबायचं. १९८८ मध्ये एनआयएचच्या फोगर्टी केंद्राने एड्सच्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला तो या पार्श्वभूमीवर. अमेरिकी विद्यापीठांना ग्रँट द्यायची आणि त्यांनी गरीब देशांतले डॉक्टर, प्रयोगशाळेतले लोक, साथरोगतज्ज्ञ शिकवून तयार करायचे. त्या लोकांचं संशोधन त्यांच्याच देशात व्हावं आणि त्यांनी परत जाऊन तिथेच काम करावं, ही अपेक्षा पहिल्यापासून होती. ग्रँट मिळालेल्या सुरुवातीच्या विद्यापीठांत हॉपकिन्स होतं. माझ्या मते सगळ्या मोठ्या संशोधनांपेक्षा हॉपकिन्सच्या परदेशातल्या कामाला टिकाऊपणा दिला तो या तुलनेने छोट्या कार्यक्रमाने. पण मथळे संशोधनालाच मिळाले, त्याला इलाज नाही.

युगांडातल्या राकाई जिल्ह्यात १९८८ पासून गावोगाव पाहणी सुरू झाली. नेल्सन सेवानकाम्बो आणि डेव्हिड सेरवाड्डा हे मकेरेरे विद्यापीठाचे डॉक्टर, कोलंबियाच्या मारिया वावर आणि हॉपकिन्सचे रॉन ग्रे अशी ही मंडळी. मलावीत ब्लँटायरला गरोदर स्त्रियांवर काम सुरू झालं. थायलंडमध्ये चियांग माई विद्यापीठाबरोबर केनरॅड नेल्सन सैन्यात भरती होणाऱ्या तरुणांचा अभ्यास करत होते. वेश्याव्यवसायात कंडोम सक्तीचा करण्याच्या थाई धोरणानंतर त्या तरुणांमधली लागण घटली, हे त्यांनी १९९६ मध्ये आकड्यांनिशी मांडलं.

भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा सापडली १९८६ मध्ये, चेन्नईत. १९९२ मध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेने पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे नारी, स्थापन केली. विषाणू संशोधनाची परंपरा पुण्यात आधीपासून होती. आजची एनआयव्ही ही विषाणू संशोधन संस्था १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने सुरू झाली होती, आणि गंमत म्हणजे हॉपकिन्सचं सार्वजनिक आरोग्य विद्यालयही १९१६ मध्ये रॉकफेलरच्याच पैशातून उभं राहिलेलं. नारी आणि हॉपकिन्स यांचं एकत्र काम जवळजवळ नारीच्या जन्मापासूनचं आहे. एड्सवरची लस तयार झालीच तर तिची चाचणी कुठे घेता येईल, लागणीचा वेग किती, लोक पुन्हा पुन्हा तपासणीला येतील का, हे आधी पाहून ठेवायचं होतं. हॉपकिन्सकडून रॉबर्ट बॉलिंजर पुण्यात आले ते या कामासाठी.

मे १९९३ पासून पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्यांची तपासणी आणि समुपदेशन सुरू झालं. पहिल्या २,८०० लोकांत ६५५ जण एचआयव्हीबाधित निघाले, म्हणजे २३ टक्क्यांहून जास्त. जे पहिल्या तपासणीत निगेटिव्ह होते त्यांच्यातही दर वर्षी शंभरातल्या दहाजणांना नव्याने लागण होत होती. मुंबई-पुण्यात आग किती भडकली आहे याचा तोवर केवळ अंदाज होता, आता हातात आकडा आला.

त्याहून मोठा धक्का १९९७ मध्ये बसला. 'जामा' या अमेरिकी नियतकालिकात पुण्याचा एक निबंध आला. पहिलं नाव डॉ. रमण गंगाखेडकर यांचं. त्यात याच गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रिया होत्या. त्यांतल्या ५२५ वेश्याव्यवसायातल्या, आणि त्यांच्यापैकी निम्म्या बाधित. हे दुर्दैवी असलं तरी अनपेक्षित नव्हतं. उरलेल्या ३९१ जणींचं काय? त्या बहुतेक चारचौघींसारख्या संसारी बायका. आयुष्यात एकच पुरुष, तोही लग्नाचा नवरा. त्यांच्यातलं लागणीचं प्रमाण १३.६ टक्के होतं. त्यांच्या बाबतीत 'जोखमीचं वर्तन' म्हणजे काय, तर लग्न. एड्सवरची सरकारी भिंतीवरची वाक्यं तेव्हा 'एकनिष्ठ रहा' एवढंच सांगत होती. निष्ठा कोणाची, हा प्रश्न या निबंधाने विचारायला लावला. भारतातल्या एड्सबद्दल त्या दशकात जे लिहिलं गेलं त्यात मी याच निबंधाला सर्वांत वर ठेवेन.

त्या काळातल्या पुण्याच्या कितीतरी निबंधांवर पहिलं नाव गंगाखेडकर, संजय मेहेंदळे, जे. जे. रॉड्रिग्ज अशा नारीच्या माणसांचं आहे आणि हॉपकिन्सची मंडळी मागच्या ओळीत आहेत. परदेशी संशोधनात इतरत्र बऱ्याचदा उलटं चित्र दिसे: सॅम्पल इथलं, नाव तिथलं. पुण्यात ते सगळीकडेच टळलं असं नाही, पण बऱ्याच ठिकाणी टळलं.

ससूनचा अध्याय यानंतरचा. एचआयव्हीबाधित आईकडून बाळाला होणारी लागण रोखायची स्वस्त युक्ती १९९९ मध्ये युगांडातल्या कंपालात सापडली होती. मकेरेरे आणि हॉपकिन्सच्या चाचणीत नेव्हिरापिन या एचआयव्हीवरच्या औषधाची एक गोळी आईला प्रसूतीच्या वेळी आणि एक डोस बाळाला दिल्यावर लागण जवळपास निम्म्यावर आली. पुढे या चाचणीच्या नोंदी नीट ठेवल्या नव्हत्या म्हणून अमेरिकेत मोठं वादळ उठलं. २००५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने निष्कर्ष खरे ठरवले, तेव्हा कुठे ते शमलं.

पण अडचण दुधाची होती. एक डोस देऊन बाळ जन्मताना वाचलं तरी अंगावरच्या दुधातून धोका राहतोच. मग वरचं दूध द्या, असा सोपा सल्ला निघाला. बी. जे. मेडिकलमध्ये डॉ. मृदुला फडके आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष पाहिलं तर वरच्या दुधावरची बाळं पहिल्या काही महिन्यांतच कितीतरी जास्त प्रमाणात रुग्णालयात भरती होत होती. एचआयव्ही टळला तरी जुलाब आणि न्यूमोनिया गाठायचेच. बाटली उकळायला रॉकेल हवं, पाणी स्वच्छ हवं, आणि बाळाला अंगावर का पाजत नाहीस, या सासूच्या प्रश्नाला उत्तरही हवं. म्हणून पुढची चाचणी आखली गेली: आईला पाजू द्यायचं आणि बाळाला सहा आठवडे रोज नेव्हिरापिन द्यायचं. इथिओपिया, युगांडा आणि पुणे इथले निकाल २००८ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनंतर, नुसता एक डोस मिळालेल्या बाळांत लागण ५.३ टक्के होती, रोज औषध घेतलेल्यांत २.५ टक्के. सहा महिन्यांनंतर मात्र दोन गटांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही. शिवाय औषध घेऊनही ज्या बाळांना लागण झाली त्यांच्यात विषाणू नेव्हिरापिनला दाद देईनासा झाल्याचं प्रमाण जास्त निघालं. म्हणजे निकाल अर्धामुर्धा होता. तरीही स्तनपान चालू असेपर्यंत औषध चालू ठेवायचं, या पुढच्या धोरणाची दिशा अशाच चाचण्यांतून ठरत गेली.

या सगळ्यावरचे आक्षेप खोटे नव्हते. राकाईत क्विन आणि सहकाऱ्यांनी ४१५ जोडप्यांचा अभ्यास केला, ज्यांत एक बाधित आणि दुसरा नाही. रक्तात विषाणू जितका कमी तितका जोडीदाराला धोका कमी, आणि मिलीलिटरमागे १,५०० पेक्षा कमी प्रती असतील तर एकालाही लागण नाही, हे २००० मध्ये त्यातून कळलं. ज्या नियतकालिकाने तो छापला त्याच्याच संपादक मार्शा अँजेल यांनी त्याच अंकात विचारलं की या माणसांना उपचार न देता नुसतं पाहत राहणं अमेरिकेत चाललं असतं का? ग्रामीण युगांडात तेव्हा ही औषधं मिळतच नव्हती, हे संशोधकांचं उत्तर. ते खरं होतं, पण पुरेसं होतं असं मला वाटत नाही. भारतात परदेशी सहकार्याच्या आरोग्य संशोधनाला केंद्राच्या छाननी समितीची वेगळी मंजुरी लागते. त्यात महिने जातात म्हणून कुरकुर होते. राकाईची चर्चा वाचली की त्या समितीबद्दलची तक्रार जरा कमी होते.

राकाईतून निघालेला धागा २०११ मध्ये पक्का झाला. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे मायरन कोहेन यांच्या नेतृत्वाखाली नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर झालेल्या चाचणीत लवकर औषधं सुरू केल्याने जोडीदाराची लागण ९६ टक्क्यांनी घटली. त्या केंद्रांत पुण्याची नारीही होती. ज्या लसीसाठी ही सगळी तयारी सुरू झाली होती ती मात्र आजवर आलेली नाही.

२०२० मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत दिल्लीतल्या रोजच्या पत्रकार परिषदेत आयसीएमआरच्या वतीने बोलणारे डॉ. गंगाखेडकर घराघरांत ओळखीचे झाले. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांतले ते हेच डॉक्टर, हे फार थोड्यांना माहीत असेल.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकी सरकारची परदेशी मदत थांबल्यावर हॉपकिन्सला ८० कोटी डॉलरांहून जास्त पैशाला मुकावं लागलं आणि दोन हजारांवर नोकऱ्या गेल्या. त्यांतल्या बहुतेक इतर देशांतल्या होत्या. १ मे रोजी एनआयएचने आणखी एक निर्णय जाहीर केला: मुख्य ग्रँट अमेरिकी विद्यापीठाला आणि तिचा हिस्सा परदेशी संस्थेला, अशी जुनी रचना यापुढे चालणार नाही. परदेशी संस्थेला मूळ ग्रँटशी जोडलेली, पण स्वतंत्र ग्रँट मिळेल आणि तिचा हिशेब तिनेच द्यायचा. बाल्टिमोर आणि पुणे यांच्यातल्या भागीदारीला याचा जाच होणारच. पण अर्ज लिहिणारी, हिशेब ठेवणारी, चाचणी आखणारी माणसं पुण्यात आज आहेत. १९९३ मध्ये असा नियम आला असता तर त्या दवाखान्यांतली पहिली तपासणीसुद्धा झाली नसती.