ट्रॅव्हर्स मिटला, मग बोगदा का चुकला?

खाणीत दोन बाजूंनी खोदत आणलेले बोगदे भिडवायचे असतात, तेव्हा काटेकोरपणा आणि अचूकता यांची हमखास गल्लत होते. तोच कोन दहा वेळा मोजला आणि दहाही वेळा दोन सेकंदांच्या आत आला (सेकंद कोनाचा, अंशाचा 3600वा भाग), हा काटेकोरपणा. तो कोन खरोखर तेवढाच आहे का, हा अचूकतेचा प्रश्न. पहिली गोष्ट वहीत दिसते. दुसरी दिसतच नाही, आणि घोळ तिथेच होतो.

शाफ्टमधून (खाणीत उतरणाऱ्या उभ्या विहिरीतून) दिशा खाली नेण्याची जुनी रीत घ्या. दोन तारा सोडायच्या, खाली जड ओळंबे. तारांत अंतर 4 मीटर. वायुवीजनाच्या झोताने एक तार आडवी 1 मिलिमीटर सरकली, तर दिशा सुमारे 52 सेकंदांनी फिरते. 1 किलोमीटर पुढे बोगदा 25 सेंटीमीटर बाजूला. झोत एकसारखा असेल तर वाचनं मात्र सुरेख जुळतात!

आता त्याच रेषेवरून ट्रॅव्हर्स (बिंदूमागून बिंदू कोन आणि अंतरं मोजत नेलेली साखळी) काढून फिरून मूळ बिंदूवर या. तो छान मिटेल, म्हणजे हिशेबाने शेवट सुरुवातीच्या बिंदूवरच पडेल, कारण अख्खी आकृतीच बिजागरीवरच्या दारासारखी फिरली आहे. अंतरमापकाच्या स्केलमधली चूकही अशीच लपते. म्हणून नुसत्या मिटलेल्या ट्रॅव्हर्सवर माझा तरी भरवसा नाही. भिंतीला घासून जाणारी दृष्टिरेषा गरम-गार हवेमुळे वाकते, तीही दर वेळी एकाच बाजूला.

यावर उपाय म्हणजे बाहेरचा साक्षीदार: दुसरा शाफ्ट, किंवा पृथ्वीच्या फिरण्यावरून खरी उत्तर दिशा शोधणारा जायरोथिओडोलाइट (कोन मोजणारं यंत्र). तोही आधी जमिनीवरच्या माहीत असलेल्या रेषेवर तपासून घ्यावा लागतो.

खाणी नसले तरी दोन मोठे बोगदे इथे बोलके आहेत. इंग्लिश खाडीखालचा सेवा-बोगदा 1 डिसेंबर 1990 रोजी भिडला, तेव्हा आडवा फरक 358 मिलिमीटर होता, उभा 58. 57 किलोमीटरच्या गोटहार्डमध्ये 15 ऑक्टोबर 2010 रोजी आडवा फरक सुमारे 8 सेंटीमीटर, उभा 1. दोन्हीकडे उंचीतला फरक कमी. लेव्हलला (उंची मोजणाऱ्या यंत्राला) प्रत्येक ठिकाणी गुरुत्वाकर्षण नव्याने आडवी रेषा दाखवतं. दिशा मात्र मागच्या खुणेकडूनच उसनी घ्यावी लागते, चुकीसकट.