फ्लेक्शर यंत्रणा

बेअरिंग, पिन किंवा स्लाइड न वापरता धातूची पातळ पाती लववून हालचाल मिळवणारी यंत्रणा. तिच्यात घासणारे सुटे भाग नसल्याने घर्षण नाही, प्ले (जोडातली ढिलाई) नाही, तेलपाणीही लागत नाही. म्हणून मायक्रॉनच्या कामाला ती वापरतात. हालचाल मात्र थोडीच मिळते. मराठवाड्यात हे काम शिकायला छत्रपती संभाजीनगर सोयीचे: वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या टूलरूममध्ये (साचे-हत्यारे बनवणाऱ्या कारखान्यात) वायरकट मशीन, म्हणजे बारीक तारेच्या विद्युत ठिणग्यांनी धातू कापणारे यंत्र असते आणि पहिला नमुना वायरकटवरच कापावा.

सुरुवात समांतरभुज फ्लेक्शरने करावी. स्थिर भाग, सरकता भाग आणि त्यांना जोडणारी दोन समान, समांतर पाती, सगळे एकाच प्लेटमधून. ७०७५-टी६५१ ॲल्युमिनियम घ्यावे. ही प्लेट ताणून तिच्यातला अंतर्गत ताण कमी केलेला असतो, नाहीतर कापताना जॉब (कापायचा तुकडा) वाकतो. पाते ५० मिमी लांब, १० रुंद, ०.५ जाड ठेवले तर ताठरता (१ मिमी सरकवायला लागणारे बल) सुमारे १.४ न्यूटन प्रति मिमी येते. १ मिमी सरकवल्यावर पात्याच्या मुळाशी ताण ४३ मेगापास्कल, म्हणजे यील्डच्या (ज्या ताणाला धातू कायमचा वाकतो त्याच्या) दहाव्या हिश्श्याहूनही कमी.

खरी मेख जाडीत आहे. ताठरता जाडीच्या घनाप्रमाणे बदलते: ०.५ऐवजी ०.५५ मिमी कापले गेले की ती ३३ टक्क्यांनी वाढते. लांबीत १ मिमी चुकले तर फरक ६ टक्केच. ड्रॉइंगवर कडक टॉलरन्स (चालेल इतका फरक) जाडीलाच द्यावा. एका कटवर थांबू नये. वायरकटच्या ठिणगीने पृष्ठभागावर वितळून गोठलेला थर राहतो आणि वारंवार लवणाऱ्या पात्याला तडा तिथूनच जातो. दोन-तीन स्किम कट (तो थर काढणारे हलके कट) घ्यावेत, मुळाशी गोलाई ठेवावी.

तपासणीत नवशिक्याचा घात डायल (सरकणे मोजणारे काटेवाले मापक) करतो. जॉब व्हाइसमध्ये पाती आडवी राहतील असा धरून सरकत्या भागाला १०० ग्रॅम वजन टांगले तर तो ०.७ मिमी उतरायला हवा. पण साध्या प्लंजर (दांडी आत दबणाऱ्या) डायलची स्वतःचीच स्प्रिंग १ न्यूटनच्या आसपास रेटते, म्हणजे जवळपास वजनाइतकीच! त्याऐवजी खूप कमी जोराने टेकणारा लिव्हर डायल वापरावा. वजनाचा दोरा पात्यांच्या लांबीच्या बरोबर मध्यरेषेत हवा. टोकाला अडकवला तर भाग तिरपा होतो. एसी नसलेल्या शेडमध्ये सकाळ-दुपारच्या तापमानात १० अंशांचा फरक पडला, तर १०० मिमी ॲल्युमिनियम २३ मायक्रॉन वाढते. उन्हाळ्यात मापे दिवसाच्या एकाच ठरावीक वेळी घ्यावीत आणि जॉब हातात धरून ठेवू नये.

हा भाग अगदी सरळ रेषेत मात्र जात नाही. १ मिमी सरकताना तो पात्यांच्या दिशेने १२ मायक्रॉन आत ओढला जातो, ०.१ मिमीला ही ओढ ०.१२ मायक्रॉनच. ती घालवायला दुसरा समांतरभुज उलटा जोडतात. मग ताठरता निम्मी होते, आणि दोन समांतरभुजांना जोडणारा मधला तुकडा मोकळा राहून स्वतंत्र थरथरतो, म्हणून तो शक्य तितका हलका ठेवतात.