भाडेकरूने लावलेली झाडे (हक्क)

भाड्याच्या घराच्या वा जमिनीच्या आवारात भाडेकरूने स्वखर्चाने लावलेली झाडे, वेली, हिरवळ इत्यादींवरील त्याचा हक्क. कुंडीतली रोपे जंगम असल्याने त्यांबाबत वाद नसतो. प्रश्न उद्भवतो तो रोपाने जमिनीत मूळ धरल्यावर.

रोमन विधीनुसार (कायद्यानुसार) मूळ धरलेले रोप जमीनमालकाचे होई. जस्टिनियनच्या ‘इन्स्टिट्यूट्स’मध्ये (इ. स. ५३३) हा नियम आढळतो. इंग्लिश विधीने तो स्वीकारला, पण विक्रीसाठी रोपे वाढवणाऱ्या रोपवाटिकाधारकाला सवलत दिली. घरगुती बागेला ती मिळाली नाही; १८३३ च्या एका निवाड्यात भाडेकरूला स्वतः लावलेली ‘बॉक्स’ या शोभेच्या झुडपांची किनारसुद्धा उपटून नेता आली नाही. भारतात हा नियम कितपत लागू, याविषयी मतभेद होते. कलकत्ता उच्च न्यायालयाने १८६६ मध्ये (मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक) तो येथील रूढीशी विसंगत ठरवला. तो निवाडा इमारतीबाबतचा असला, तरी पुढील कायद्याची भूमिका त्याच परंपरेतील मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार, विरुद्ध करार वा स्थानिक रूढी नसल्यास, पट्टेदाराला (भाडेपट्ट्याने जागा घेणाऱ्याला) जमिनीला जोडलेल्या आपल्या वस्तू काढून नेता येतात. कलम ३ प्रमाणे त्यांत झाडेझुडपेही येतात. मूळ तरतुदीत ही मुभा पट्टा चालू असेपर्यंतच होती. १९२९ च्या दुरुस्तीने ती पट्टा संपल्यानंतरही, मात्र ताबा असेपर्यंतच, मिळाली. जागा मिळाली त्या स्थितीत परत करावी लागते.

शेतजमिनीबाबत मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम १९ ने कुळाला स्वतः लावलेल्या झाडांचे उत्पन्न व लाकूड दिले आणि कुळवहिवाट संपल्यावर मामलेदाराने ठरवायच्या भरपाईचा हक्कही दिला. स्वेच्छेने जमीन सोडणाऱ्यास मात्र भरपाई नाही. आपोआप उगवलेल्या झाडांच्या उत्पन्नात कुळाचा वाटा दोन-तृतीयांश. मराठवाडा व विदर्भासाठी स्वतंत्र अधिनियम होते. १ एप्रिल १९५७ च्या ‘कृषक दिना’पासून कुळे मालक मानली जाऊ लागल्यावर कलम १९ चे महत्त्व ओसरले.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये ‘जागा’ या संज्ञेत इमारतीलगतची बागही मोडते. मालकाच्या लेखी संमतीविना कायम स्वरूपाचे बांधकाम केल्यास भाडेकरूला निष्कासित करता येते. त्यामुळे झाडापेक्षा त्याभोवतीचा पक्का पारच अधिक अडचणीचा. शहरी भागात वाढलेले झाड तोडण्यास १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार परवानगी लागते, मग ते कोणीही लावलेले असो.