धारवाड, मंगळवारचा दवाखाना आणि १४४१६

बेळगाव पट्ट्यात पूर्वी ‘त्याला धारवाडला नेलं’ एवढं कानावर आलं की पुढे कुणी काही विचारत नसे. तिथलं वेड्यांचं इस्पितळ १८४५ सालचं. बेळगाव आणि धारवाड दोन्ही जिल्हे तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १९१२ च्या लुनॅसी ॲक्टखाली, म्हणजे वेड्यांसाठीच्या कायद्याखाली, भरतीची मुख्य वाट मॅजिस्ट्रेटच्या हुकमातून जाई. त्यामुळे आत जायचा तो अंगावर धावणारा नाहीतर रस्त्यात सापडलेला माणूस. आतून खचलेली सून, दारूत बुडालेला भाऊ, मटक्यापायी शेत गहाण टाकणारा बाप यांना त्या दारात जागा नव्हती. त्यांच्यासाठी देवऋषी होता, सौंदत्तीची यल्लम्मा होती, फार झालं तर कुलूप लावलेली मागची खोली. मदत मागायला गेलं की डांबून ठेवतात, ही धास्ती त्या काळातली आहे आणि आजही लोक पहिला फोन लांबवतात तो तिच्यामुळेच.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. सीमाप्रश्नाचं बाकीचं सगळं वाचकांना ठाऊक आहे. इथे कामाचं एवढंच की सरकारी उपचाराची दोरी बंगळुराला बांधली गेली. तिथे १९७४ मध्ये निम्हान्स ही मनाच्या आणि मेंदूच्या आजारांची संस्था उभी राहिली. तिचा मोठेपणा खाटांच्या संख्येत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साध्या डॉक्टरला मानसिक आजार ओळखायला आणि ठरावीक औषधं द्यायला शिकवता येतं, हे तिने ऐंशीच्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात करून दाखवलं. त्याच नमुन्यावर १९९६ पासून देशभर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकाने २०१४ मध्ये त्याला ‘मनोचैतन्य’ची जोड दिली: मनोविकारतज्ज्ञाने मंगळवारी तालुका इस्पितळात येऊन बसायचं. खानापूर, चिकोडीच्या माणसाला धारवाडची वाट धरण्याआधी ही जागा आहे. मात्र आपल्या तालुक्याचा मंगळवार कोणता, हे आधी विचारून घ्यावं. चुकला तर दिवसाची मजुरी जाते आणि माणूस पुन्हा फिरकत नाही.

औषध बंगळुराच्या वाटेने आलं, बोलण्याचा आधार मात्र मराठीतून, पुण्या-मुंबईकडून आला. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचं अल्कोहोलिक्स अनॉनिमस अमेरिकेत १९३५ साली सुरू झालं आणि १९५७ मध्ये भारतात पोचलं. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभारलं. व्यसनी माणसाइतकाच त्याच्या बायकोलाही गट लागतो, हे तिथल्या ‘सहचरी’ गटामुळे मराठी घरांना समजलं. नवऱ्याच्या बाटल्या लपवणं, त्याची उधारी फेडणं, कामावर ‘ताप आलाय’ असा निरोप धाडणं, या मायेच्या गोष्टींनीच व्यसन तगून राहतं. ते तिला एकटीला दिसत नाही. आणखी चार जणी तेच सांगतात तेव्हा दिसतं.

सवयींचा इतिहास मात्र सरळ नाही. कर्नाटकाने २००७ मध्ये आधी लॉटरी आणि १ जुलैपासून सारायी ही स्वस्त दारू बंद केली. पाकीटबंद सारायी गेली, पण पलीकडे महाराष्ट्रात देशी दारू होती, चोर्ल्याच्या घाटाखाली गोवा होता. लॉटरीवाला ओसीकडे, म्हणजे मटक्याकडे वळला आणि पुढे मोबाईलवरच्या रमीकडे. दुकान बंद झालं तरी ओढ राहते, कारण ती मेंदूला लागलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत जुगाराचा आणि गेमिंगचा विकार व्यसनांच्याच शेजारी आहे.

या भागातली एक जुनी चूक इथे सांगायलाच हवी. रोज पिणारा माणूस पंढरीची किंवा अय्यप्पाची माळ घालतो आणि त्याच दिवशी दारू पूर्ण तोडतो. सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसू लागतात. घरचे म्हणतात, देव कोपला. खरं तर दारूने दाबून ठेवलेला मेंदू एकदम मोकळा होऊन उसळलेला असतो, आणि यात जीवही जातो. माळ घालावी, पण आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटून. ते बी-१ जीवनसत्त्व आणि उतरत्या मात्रेच्या गोळ्या देतात.

आघाताची गोष्ट निराळी. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, तेव्हा इथे निवृत्त जवानांची घरं पुष्कळ. आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात नदीकाठची गावं उठली. ‘पीटीएसडी’, म्हणजे आघातानंतर मागे उरणारा ताणाचा विकार, हे निदान व्हिएतनाम युद्धानंतर १९८० मध्ये मनोविकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तकात आलं. पहिला महिना दचकणं, झोप उडणं हे बहुतेकांना होतं आणि बरंचसं आपोआप ओसरतं. महिन्यानंतरही तीच दृश्यं येत राहिली तर दाखवावं. तोवर ‘सगळं सांगून मोकळा हो’ म्हणून खोदून विचारू नये, आणि नुसत्या झोपेच्या गोळ्यांवरही ढकलू नये; त्यांचीच सवय लागते. उदासीच्या गोळ्या वेगळ्या. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने चालू ठेवाव्या लागतात. दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणारे इथे फार.

२९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ती धारवाडची धास्ती कागदावर तरी मोडली. माणूस स्वतःहून भरती होऊ शकतो आणि साखळदंड बेकायदा आहेत. सीमाभागात फार कुणी न वाचलेलं कलम म्हणजे, आजार आणि उपचाराची माहिती रुग्णाला कळेल त्या भाषेत मिळायला हवी. खानापूरच्या कन्नड न येणाऱ्या आजीला तो हक्क आहे. मागताना भाषावादाचा सूर लावू नये. ‘डॉक्टर, गोळी कधी घ्यायची ते मराठीतून सांगा, नाहीतर चुकेल’ एवढं पुरतं.

१० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली टेली-मानस ही १४४१६ या नंबरवरची, मनाच्या त्रासासाठीची मोफत सरकारी फोनसेवा चोवीस तास असते. सुरुवातीलाच मराठी निवडावी. जीव द्यावासा वाटत असेल तर मंगळवारची वाट न पाहता याच नंबरवर फोन करावा किंवा थेट इस्पितळात जावं, आणि घरातली कीटकनाशकं आधी शेजाऱ्याकडे ठेवावीत. तालुक्याला जाताना आधार, रेशनकार्ड, जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं घ्यावीत; सोबत एकाच घरात राहणारं माणूस असावं, कारण झोप, जेवण, चिडचिड यांचा खरा हिशेब त्याच्याकडे असतो. निघताना गोळ्या किती दिवसांच्या दिल्या ते मोजून, त्या संपायच्या आधीच्या मंगळवारावर कॅलेंडरात खूण करावी.