ईपबच्या पोटात काय असतं, अन् काकांचं पुस्तक काऊन उघडेना

धरमपेठेतले शेजारचे काका परवा नवाकोरा ई-रीडर घेऊन घरी आले, तोंड पाडून. "काऊन रे, पैसे भरले, पुस्तक घेतलं, अन् हा डबा उघडायलाच तयार नाही." पुस्तक एका ऑनलाइन दुकानातलं, रीडर भलत्याच कंपनीचा. विकणाऱ्यानं सांगितलं होतं म्हणे, सगळे फॉरमॅट चालतात. चालतात हो, पण फॉरमॅट वेगळा अन् कुलूप (कॉपी करता येऊ नये म्हणून लावलेलं, डीआरएम) वेगळं, हे कोणी सांगत नाही ना.

काकांचं पुस्तक ईपब होतं, हा ई-पुस्तकांचा फॉरमॅट. ईपब म्हणजे चक्क झिप फाइल, अनेक फाइलींचा एकच गठ्ठा. बिनकुलपाच्या एखाद्या ईपबची कॉपी करा, नावाच्या शेवटी ईपबच्या जागी झिप लिहा अन् उघडा, आत वेबसाइटसारखी पानं, चित्रं, अन् कोणता धडा कोणानंतर याची यादी सापडते. म्हणूनच अक्षर मोठं केलं की ओळी नव्यानं लागतात, पीडीएफमध्ये मात्र ए-फोर कागदाचं पान सहा इंची पडद्यावर मुंग्यांची रांग दिसते. तीच फाइल कच्ची वाचली तर सुरुवातीला 'पीके' दिसतं, झिप फॉरमॅट बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं! पहिले 30 बाइट सोडले की 8 अक्षरांचं 'माइमटाइप' हे नाव, अन् त्याला लागूनच 20 अक्षरांत लिहिलेलं की बाबा मी ईपब आहे. ही चिठ्ठी झिपमध्ये सगळ्यात आधी अन् न दाबता ठेवायची असा नियमच आहे, म्हणजे गठ्ठा न सोडताच ओळख पटते. मला हे भारी आवडतं, काकांना जांभई आली.

मग काकांच्या फाइलचंही नाव बदलून पाहिलं तर तीही उघडली! धड्यांची यादी दिसली, पण धडा उघडला तर नुसता कचरा. कुलूप झिपला नसतंच, आतल्या धड्यांना असतं. अडोबीच्या पद्धतीत धडे एका किल्लीनं बंद, अन् ती किल्ली खरेदीदाराच्या किल्लीनं परत बंद. कॅलिबर नावाचं ई-पुस्तकांचं सॉफ्टवेअर फॉरमॅट बदलून देतं, कुलूप काढत नाही.

म्हणून आधी पुस्तकं कुठून घेणार ते ठरवा, डबा नंतर. कोबो अन् पॉकेटबुक हे रीडर अडोबीचं कुलूप उघडतात. ॲमेझॉनच्या किंडल रीडरवर ईपब केबलनं टाकला तर दिसतच नाही, 2022 पासून 'सेंड टू किंडल'नं पाठवला की ॲमेझॉन तो बदलून देतं, पण तोही बिनकुलपाचाच पाहिजे. अन् ई-इंकनं, म्हणजे या रीडरच्या पडद्यानं, चष्म्याचा नंबर उतरतो वगैरे ऐकलं तर हसून सोडून द्या, बाहेरचा उजेड परत फेकणारा पडदा आहे तो, नागपूरच्या उन्हात मस्त दिसतो, बस एवढंच.

काकांनी ते पुस्तक शेवटी फोनवर, त्या दुकानाच्याच ॲपमध्ये वाचायला घेतलं. रीडरवर मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयातली जुनी पुस्तकं ईपब करून टाकून दिली, लेखकाला जाऊन 60 वर्षं उलटून गेलेली, म्हणजे कॉपीराइट संपलेली, बिनकुलपाची. आता रोज संध्याकाळी अजून दे म्हणून मागायला येतात.