खेळणाऱ्यांच्या हाती दिलेली फाइल

ऑनलाइन गेममध्ये एक नवा प्रदेश उभा करायला मोठ्या चमूचे महिनेच्या महिने जातात. हट्टाला पेटलेला खेळाडू तोच प्रदेश शनिवार-रविवारात पालथा घालतो आणि सोमवारी विचारतो, ‘पुढे काय?’ ऑनलाइन गेमचं मुख्य दुखणं हेच.

यावर पहिला उपाय अपडेटचा. त्यासाठी अख्खा गेम पुन्हा पाठवत नाहीत. फाइलचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरून गणिताने एक छोटी खूण काढतात. तिला हॅश म्हणतात. तुकड्यातलं एक अक्षर बदललं तरी ही खूण पार बदलते. तुमच्याकडच्या आणि सर्व्हरवरच्या खुणा ताडून पाहिल्या की बदललेले तुकडे तेवढे उतरवून घेता येतात. पण सगळा माल एकाच मोठ्या फाइलमध्ये दाबून भरला असेल, तर एका जागच्या बदलाने पुढचं बरंच काही हलतं. किरकोळ दुरुस्तीसाठी कधीकधी भलंमोठं डाउनलोड माथी पडतं ते यामुळेच.

शिवाय चालत्या जगात काही नवं घातलं की ते कुठवर पसरेल, याची खात्री बनवणाऱ्यांनाही नसते. सप्टेंबर २००५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेममध्ये एक नवा बंदिस्त प्रदेश आला. तिथला राक्षस खेळाडूंना रोग लावायचा. रोग त्या प्रदेशातच राहावा अशी योजना होती, पण खेळाडूंचे पाळीव प्राणी तो घेऊन शहरांत पोचले. नवखे खेळाडू पटापट मरू लागले, काही जण मदतीला धावले आणि काहींनी मुद्दाम रोग पसरवला. शेवटी सर्व्हर पुन्हा सुरू करावे लागले. साथीच्या अभ्यासकांना मात्र यात माणसांच्या वागण्याचा आयता नमुना मिळाला. २००७ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेखही आला.

दुसरा उपाय मला जास्त हुशारीचा वाटतो: नवं काही बनवायचं काम खेळणाऱ्यांवरच सोपवायचं. ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ या गेमच्या फाइली लोक आपल्या हिमतीने उचकटून बदलत होते. ते पाहून त्या गेमचे प्रोग्रामर जॉन कार्मॅक यांनी १९९३ च्या ‘डूम’मध्ये नकाशे, चित्रं, आवाज हा सगळा माल ‘वॅड’ नावाच्या वेगळ्या फाइलींत ठेवला. गेम चालवणारं इंजिन वेगळं, माल वेगळा. मग आपली वॅड फाइल जोडली की मूळ गेमला धक्का न लावता नवी लेव्हल तयार!

या वाटेने पुढे बरंच काही आलं. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा आधी ‘हाफ-लाइफ’चा हौशी मॉड, म्हणजे खेळाडूंनी मूळ गेम बदलून केलेला नवा गेम होता. ‘वॉरक्राफ्ट थ्री’सोबत नकाशे बनवायचं साधन मिळालं, त्यातून ‘डोटा’ जन्मला आणि त्याच घराण्यात २००९ मध्ये ‘लीग ऑफ लेजेंड्स’ आला. मूळ गेमच्या बनवणाऱ्यांना यातलं काही सुचलं नव्हतं.

अनोळखी माणसाने लिहिलेला कोड आपल्या यंत्रावर चालवणं जोखमीचंच. म्हणून खेळणारेच गेम बनवतात अशा ‘रोब्लॉक्स’सारख्या ठिकाणी असा कोड कुंपणात चालतो: गेममधल्या वस्तू हलवायची मुभा, तुमच्या खासगी फाइलींना हात लावायची नाही.

‘डूम’ने तर १९९७ मध्ये सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्रामही खुला केला. त्याच्यासाठी लोक आजही नव्या लेव्हल बनवतात, आणि तो पहिल्यांदा आला तेव्हा त्यांतले काही जन्मलेही नव्हते.