नेस्टेड अ‍ॅरेमधील बदल

ज्या अ‍ॅरेचा एखादा घटक स्वतःच अ‍ॅरे असतो, त्यास नेस्टेड अ‍ॅरे म्हणतात. अ‍ॅरे म्हणजे क्रमांकाने किंवा किल्लीने (घटकाला दिलेल्या नावाने) गाठता येणाऱ्या किमतींचा संच. आतल्या पातळीवरील किंमत बदलणे, तेथे नवा घटक घालणे अथवा असलेला काढणे या क्रिया पर्ल, पायथन, जावास्क्रिप्ट, पीएचपी इ. स्क्रिप्टिंग भाषांत नित्याच्या आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पीएचपीचा विचार केला आहे.

उगम : नेस्टेड अ‍ॅरेचे जनकत्व कोणाकडे जाते याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार ते लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेकडे जाते. १९५८ च्या सुमारास आकार घेऊ लागलेल्या या भाषेत यादीत यादी सहज बसते व ती जागच्या जागी बदलताही येते. परंतु लिस्पची यादी ही दुव्यांची साखळी असून क्रमांकावरून थेट घटक गाठण्याची अ‍ॅरेची सोय तिच्यात नाही. दुसरे मत एपीएल या अ‍ॅरेप्रधान भाषेच्या घराण्याच्या बाजूचे आहे. केनेथ आयव्हर्सन यांच्या १९६२ मधील ग्रंथातून निघालेल्या या भाषेत आरंभी अ‍ॅरेचा घटक म्हणजे एक संख्या किंवा एक अक्षर, एवढेच चालत असे. ट्रेंचर्ड मोर यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या अ‍ॅरे-सिद्धांताने घटकाच्या जागी अ‍ॅरे बसू लागला आणि त्याबरोबर एक वादही आला : एकटी संख्या अ‍ॅरेत बंद केली, तर ती मूळची संख्याच राहते की निराळी वस्तू होते? मोर यांच्या मते ती तशीच राहते. आयबीएमच्या एपीएल२ ने (१९८४) हाच पक्ष घेतला. आयव्हर्सन यांनी पेटीबंद संख्या निराळी मानली व पुढे ‘जे’ (J) या भाषेत (१९९०) तेच ठेवले. स्क्रिप्टिंग भाषा या वादात कधी उतरल्या नाहीत, तरी प्रत्यक्षात त्या आयव्हर्सन यांच्याच बाजूला आहेत. पीएचपीत ५ आणि [५] एक नव्हेत.

स्क्रिप्टिंग भाषांपुरते पाहता वरील दोन्ही मतांपेक्षा पर्लकडे पाहणे अधिक उपयुक्त दिसते. ऑक (awk) या मजकूर हाताळणाऱ्या भाषेत (१९७७) खरा नेस्टेड अ‍ॅरे नव्हता; पुढील आवृत्तीत अनेक किल्ल्या एका विभाजक चिन्हाने जोडून एकच लांब किल्ली करण्याची युक्ती आली, पण तीत आतला अ‍ॅरे असा वेगळा उचलता येत नाही. ग्नू ऑकमध्ये अ‍ॅरेत अ‍ॅरे आला तो २०११ मध्ये. पर्लच्या पाचव्या आवृत्तीने (१९९४) रेफरन्स (किमतीऐवजी तिच्या जागेकडे केलेला निर्देश) आणले, आणि मगच त्या भाषेत कितीही खोल रचना सुटसुटीतपणे लिहिता येऊ लागली. मधली पातळी नसल्यास ती आपोआप निर्माण होण्याची सवयही पर्लचीच. तेथे आतली किल्ली आहे का एवढे तपासले, तरी बाहेरची तयार होऊन बसते.

प्रत आणि रेफरन्स : बदल कुठे उमटतो, हे आतला अ‍ॅरे किंमत म्हणून धरला आहे की रेफरन्स म्हणून, यावर ठरते. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उपनगरी रेल्वेच्या ट्रान्स-हार्बर मार्गावर ठाणे व ऐरोली यांच्या दरम्यान दिघा गाव हे स्थानक सुरू झाले, त्याचे उदाहरण घेता येईल. ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे हा सामाईक टप्पा $सामाईक मध्ये ठेवला आणि पुढे गाड्यांच्या दोन शाखा केल्या :

$मार्ग = [
'वाशी' => [$सामाईक, ['सानपाडा', 'वाशी']],
'पनवेल' => [$सामाईक, ['जुईनगर', 'नेरूळ', … 'पनवेल']]
];

(पीएचपीला चलांची (व्हेरिएबलची) नावे देवनागरीत चालतात, महापे-ऐरोलीच्या कार्यालयांत ती कोणी वापरत नाही, ही गोष्ट वेगळी.) पीएचपीत $सामाईक ची प्रत दोन्हीकडे जाते. म्हणून अ‍ॅरे_स्प्लाइस($मार्ग['वाशी'][0], 1, 0, 'दिघा गाव') असे लिहिल्यास (म्हणजे 0 पासून मोजता क्रमांक 1 च्या जागी, काहीही न काढता, नवे स्थानक घातल्यास) पनवेल शाखेला नव्या स्थानकाचा पत्ताही लागत नाही. हीच रचना जावास्क्रिप्ट वा पायथनमध्ये केली, तर दोन्ही शाखा एकाच आतल्या अ‍ॅरेकडे निर्देश करतात आणि एका ठिकाणी घातलेले स्थानक दोन्हीकडे दिसते. येथे ते सोयीचेच. पण पायथनमध्ये [[0] * 3] * 3 असा तक्ता मांडून एक खाना बदलावा, तर तिन्ही ओळी बदलतात. प्रत घेताना केवळ बाहेरची पातळी नवी होते, यासाठी पायथनमध्ये सर्व पातळ्यांची प्रत करणारे डीपकॉपी आहे.

पीएचपीतील ‘प्रत’ प्रत्यक्षात लगेच होत नाही. लिहिण्याची वेळ येईपर्यंत मेमरीत एकच अ‍ॅरे असतो. लिहिताना बदलाच्या वाटेवरच्या पातळ्या तेवढ्या वेगळ्या होतात, बाकीच्या सामाईक राहतात.

फॉरइचमधील अडचण : फॉरइच ($मार्ग as $शाखा) असा, एकेक घटक क्रमाने $शाखा मध्ये घेणारा, लूप फिरवून $शाखा[0] मध्ये घातलेले स्थानक लूपबरोबर नाहीसे होते, कारण $शाखा ही प्रत असते. &$शाखा लिहिल्यास बदल टिकतो, परंतु लूप संपल्यावरही $शाखा शेवटच्या घटकाला, म्हणजे पनवेलला, चिकटून राहते. त्यानंतर केवळ छापण्यासाठी त्याच नावाने साधा लूप फिरवला, तर पहिल्या फेरीत वाशीची यादी $शाखा मध्ये, अर्थात पनवेलच्या जागी, लिहिली जाते. दुसऱ्या फेरीत पनवेलची गाडी सानपाड्यावरून वाशीला जाताना दिसते. त्रुटीसंदेश कोणताही येत नाही. लूपनंतर अनसेट($शाखा) करणे, म्हणजे तो दुवा तोडणे, हा उपाय. किल्ली घेऊन थेट $मार्ग[$की][0] वर लिहिणे त्याहून बरे.

तयार फंक्शने : अ‍ॅरे_वॉक_रिकर्सिव्ह फक्त अखेरच्या किमतींना भेटते, अ‍ॅरे असलेल्या घटकांना नाही, त्यामुळे एखादी शाखा काढण्यास ते निरुपयोगी आहे. ['वाशी' => [0 => [1 => 'दिघा गाव']]] हा अ‍ॅरे अ‍ॅरे_रिप्लेस_रिकर्सिव्हला दिल्यास नवे स्थानक ऐरोलीच्या जागी बसते आणि ऐरोली गायब होते. अ‍ॅरे_मर्ज_रिकर्सिव्ह अंकी किल्ल्या जुळवत नाही, घटक शेवटी जोडते; त्यामुळे दिघा गाव वाशीच्याही पुढे, एका नव्या टप्प्यात जाऊन पडते.

मधली पातळी नसेल तर पीएचपीही ती निर्माण करते. मात्र तेथे आधीच संख्या असेल तर त्रुटी येते, आणि फॉल्स (‘असत्य’ ही किंमत) असेल तर ८.१ (२०२१) पासून तसे करू नये अशी सूचना मिळते.